आयडीईत चालतं, टर्मिनलवर फुटतं: स्प्रिंग बूटच्या बहु-मॉड्यूल प्रकल्पाचं जुनं दुखणं

लक्षण नेहमी सारखंच असतं. स्प्रिंग इनिशिअलायझर या वेबसाइटवरून किंवा कुणाच्या तरी तयार सांगाड्यावरून जावाचा स्प्रिंग बूट प्रकल्प सुरू केला, त्याची तीन-चार मॉड्यूलं पाडली, इंटेलिजे या आयडीईत (कोड लिहिण्या-चालवण्याच्या साधनात) हिरवं बटण दाबलं की ॲप्लिकेशन व्यवस्थित उभं राहतं. तेच टर्मिनलवर मेव्हन या बिल्ड करणाऱ्या साधनाने चालवलं, किंवा गटातल्या दुसऱ्या कुणी गिटवरून उतरवून घेतलं, की पहिल्याच मिनिटाला बिल्ड फुटतो. कुणीतरी सांगतं, ‘क्लीन इन्स्टॉल मार’. तेवढ्यापुरतं चालतं. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

गोव्यात फर्मागुढी, फातोर्डा किंवा वेर्ण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात अंतिम वर्षाच्या प्रकल्पात चौघांनी एकेक मॉड्यूल वाटून घेतलं की हे हमखास होतं. पर्वरी-पणजीच्या छोट्या कंपनीत असा प्रकल्प पहिल्यांदाच हाती आलेल्यांनाही हाच अनुभव येतो. कारणं चार-पाचच आहेत. ती कळली की ‘क्लीन इन्स्टॉल’चा जप करावा लागत नाही.

खाली सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे: फेरीबोटींच्या वेळा देणारी सेवा. रायबंदर–चोडण, पणजी–बेती, केरी–तेरेखोल अशा मार्गांचं वेळापत्रक डेटाबेसमध्ये आणि वर एक रेस्ट एपीआय. मुळाशी ‘फेरीसेवा’ ही मूळ पोम (प्रकल्प कसा बांधायचा हे मेव्हनला सांगणारी फाइल), तिच्याखाली तीन मॉड्यूलं. ‘फेरी-कॉमन’मध्ये धक्का, मार्ग, फेरी हे साधे क्लास आणि वेळेचे हिशेब. ‘फेरी-डेटा’मध्ये एन्टिटी (डेटाबेसमधल्या तक्त्यांचे क्लास), जेपीए रिपॉझिटरी (ते वाचणारा-लिहिणारा भाग) आणि डेटाबेसची रचना घडवणाऱ्या फ्लायवेच्या स्क्रिप्ट. ‘फेरी-एपीआय’मध्ये कंट्रोलर आणि मेन क्लास. एपीआय कॉमन आणि डेटा दोन्हींवर अवलंबून, डेटा कॉमनवर. ग्रुप आयडी ‘कॉम.फेरी’, आवृत्ती इनिशिअलायझर देतो तीच: 0.0.1-स्नॅपशॉट (स्नॅपशॉट म्हणजे अजून बदलती आवृत्ती). आज्ञा आणि एररचे शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच ते रोमन अक्षरांत. अक्षर मोठंच हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

शेजारचं मॉड्यूल येतं कुठून?

एपीआय कंपाइल करताना मेव्हनला कॉमन लागतं. ते त्याला तीन ठिकाणांहून मिळू शकतं, आणि बहुतेक सगळा घोळ या तीन ठिकाणांचाच आहे.

मूळ फोल्डरमधून मेव्हन चालवलं तर तो सगळी मॉड्यूलं एकदम हाती घेतो. याला रिॲक्टर म्हणतात. कोण कोणावर अवलंबून आहे हे पाहून तो क्रम लावतो आणि शेजाऱ्याची ताजी वस्तू थेट पुढच्या मॉड्यूलला देतो. कंपाइल टप्प्यापर्यंतच चालवलं असेल तर ती वस्तू म्हणजे कॉमनच्या ‘टार्गेट/क्लासेस’मधले क्लास. पॅकेज टप्पा किंवा त्यापुढे गेलं असेल तर कॉमनची बांधलेली जार (सगळे क्लास एकत्र बांधलेली फाइल). हा फरक लक्षात ठेवा, पुढे तोच नडतो.

एपीआयच्या फोल्डरमध्ये शिरून तिथून आज्ञा दिली तर रिॲक्टरमध्ये एपीआय एकटंच. कॉमनचं फोल्डर अगदी शेजारी असलं तरी मेव्हन तिकडे बघत नाही. तो जातो होम फोल्डरमधल्या ‘.एमटू/रिपॉझिटरी’त. तिथे कधीकाळी इन्स्टॉल केलेली कॉमनची जार असली तर ती उचलतो, नसली तर थांबतो.

तिसरं ठिकाण आयडीई. इंटेलिजे असो की एक्लिप्स, एकाच विंडोत उघडलेली मॉड्यूलं ती आपापसांत स्वतःच जोडते आणि कॉमनचे ताजे क्लास थेट क्लासपाथवर (जावा क्लास जिथे शोधतं त्या यादीत) ठेवते. मेव्हनची जार तिला लागतच नाही. म्हणून हिरवं बटण चालतं. ते चाललं म्हणजे पोम फाइल बरोबर आहे असं मुळीच नाही.

एरर पहिली: आर्टिफॅक्ट सापडत नाही

एपीआयच्या फोल्डरमधून ‘एमव्हीएन स्प्रिंग-बूट:रन’ दिलं (‘एमव्हीएन’ ही मेव्हनची आज्ञा) आणि समोर हे आलं:

कुड नॉट फाइंड आर्टिफॅक्ट कॉम.फेरी:फेरी-कॉमन:जार:0.0.1-स्नॅपशॉट

या ओळीच्या शेवटी ‘इन सेंट्रल’ हे शब्द नाहीत याकडे बघा. मेव्हन सेंट्रल या जारच्या सार्वजनिक साठ्यासाठी स्नॅपशॉट बंदच ठेवलेले असतात, त्यामुळे मेव्हन तिकडे विचारायलाही गेलेला नाही. इंटरनेट, प्रॉक्सी, व्हीपीएन यांचा इथे काही संबंध नाही. राऊटर बंद-चालू करत बसू नका. लोकल रिपॉझिटरीत कॉमन नाही, इतकाच याचा अर्थ.

इथे बरेच जण कॉमनच्या फोल्डरमध्ये जाऊन तेवढंच इन्स्टॉल करतात आणि परत एपीआयमध्ये येतात. मग एरर बदलते: ‘फेल्ड टू रीड आर्टिफॅक्ट डिस्क्रिप्टर’, आणि पुढे ‘कॉम.फेरी:फेरीसेवा:पोम’ सापडत नाही म्हणून तक्रार. कॉमनची जार आता आहे, पण तिच्या सोबतच्या पोममध्ये ‘माझा पेरेंट फेरीसेवा’ असं लिहिलेलं आहे आणि तो पेरेंट कुणी इन्स्टॉलच केलेला नाही. घरची मुलं आली, बाप धक्क्यावरच राहिला. फक्त पेरेंट हवा असेल तर मूळ फोल्डरमधून ‘एमव्हीएन -एन इन्स्टॉल’ (एन मोठा) पुरतं, कारण त्या खुणेने मेव्हन खालच्या मॉड्यूलांत उतरत नाही. पण असं तुकड्या-तुकड्याने करण्यात अर्थ नाही.

नीट मार्ग हा. मूळ फोल्डरमध्ये उभं राहायचं आणि म्हणायचं:

एमव्हीएन -पीएल फेरी-एपीआय -एएम इन्स्टॉल -डीस्किपटेस्ट्स

‘-पीएल’ म्हणजे कोणतं मॉड्यूल हवं, ‘-एएम’ म्हणजे ते ज्यांवर अवलंबून आहे तीही सोबत बांध. पेरेंट, कॉमन, डेटा, एपीआय या क्रमाने चौघंही बांधली जातात. ‘-डीस्किपटेस्ट्स’मधला डी मोठा, आणि टेस्ट्सचा टीही मोठा. मग त्याच जागेवरून:

एमव्हीएन -पीएल फेरी-एपीआय स्प्रिंग-बूट:रन

याहून बरा पर्याय म्हणजे पॅकेज करून तयार जार थेट जावाने चालवणं: ‘जावा -जार फेरी-एपीआय/टार्गेट/फेरी-एपीआय-0.0.1-स्नॅपशॉट.जार’. सर्व्हरवर जे चालणार तेच तुमच्या मशीनवर चालतं, आणि खाली सांगितलेल्या निम्म्या चुका आजच दिसतात.

टेस्ट टाळण्यासाठी ‘-डीमेव्हन.टेस्ट.स्किप’ वापरणारे बरेच आहेत. त्या खुणेने टेस्टचा कोड कंपाइलही होत नाही. कॉमनमधले टेस्टचे मदतनीस क्लास टेस्ट-जार म्हणून दुसऱ्या मॉड्यूलला दिलेले असतील तर ती जार बनतच नाही आणि बिल्ड तिथे अडकतो. ‘स्किपटेस्ट्स’ फक्त टेस्ट चालवणं टाळतं. तेच वापरा.

बदल केला, पण दिसत नाही

हे पहिल्यापेक्षा वाईट, कारण कधीकधी बिल्ड हिरवाच असतो. कॉमनमध्ये ‘पुढची फेरी’ शोधणाऱ्या मेथडला नवा पॅरामीटर दिला, एपीआयच्या फोल्डरमधून चालवलं, आणि कंपाइलरने ‘अशी मेथडच नाही’ म्हणून सांगितलं. किंवा डेटा मॉड्यूल जुन्या कॉमनवर बांधलेलं आणि एपीआय नव्यावर असेल तर सगळं कंपाइल होऊन ऐन चालताना ‘नोसचमेथडएरर’ येते. कारण एकच: ‘.एमटू’मध्ये मागच्या मंगळवारची कॉमन पडून आहे आणि एपीआय निमूटपणे तीच उचलतंय.

खात्री करायची असेल तर ‘.एमटू/रिपॉझिटरी/कॉम/फेरी/फेरी-कॉमन/0.0.1-स्नॅपशॉट’मध्ये जाऊन जारची तारीख आणि वेळ बघा. जुनी असेल तर ‘कॉम/फेरी’ हे एवढंच फोल्डर उडवा. संपूर्ण ‘.एमटू’ उडवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका, त्यात स्प्रिंगच्या शेकडो जार पुन्हा उतरवाव्या लागतात आणि दुखणं होतं तिथेच राहतं.

खरं तर रोजच्या कामात ‘इन्स्टॉल’ लागतच नाही. मूळ फोल्डरमधून ‘एमव्हीएन क्लीन व्हेरिफाय’ दिलं की रिॲक्टर शेजाऱ्यांची देवाणघेवाण स्वतः करतो, ‘.एमटू’त काही ठेवत नाही, त्यामुळे तिथे शिळं काही साचतच नाही. इन्स्टॉलची सवय सोडणं हा या दुखण्यावरचा सगळ्यात टिकाऊ उपाय आहे.

मूळ फोल्डरमधून रन का चालत नाही

‘सगळं मुळातूनच करायचं ना, मग स्प्रिंग-बूट:रनही मुळातूनच देतो.’ आणि मिळतं: ‘अनेबल टु फाइंड अ सूटेबल मेन क्लास’. रन हा गोल (प्लगिनचं एक ठरलेलं काम) रिॲक्टरमधल्या प्रत्येक मॉड्यूलवर चालतो. पहिला नंबर पेरेंटचा, आणि त्यात कोडच नाही. मूळ पोममध्ये स्प्रिंग बूटचं प्लगिन कुठूनच येत नसेल तर त्याआधीच ‘नो प्लगिन फाउंड फॉर प्रीफिक्स’ म्हणून थांबतं.

उपाय: मूळ पोमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘स्प्रिंग-बूट.रन.स्किप’ ला ‘ट्रू’ द्या आणि फक्त फेरी-एपीआयच्या पोममध्ये तीच प्रॉपर्टी ‘फॉल्स’ करा. आता ‘एमव्हीएन -पीएल फेरी-एपीआय -एएम स्प्रिंग-बूट:रन’ मुळातून चालतं. कॉमन आणि डेटा कंपाइल होतात, रन त्यांना वगळतं, एपीआय उभं राहतं. दोन ओळींचं काम आहे, पण टेम्पलेटमध्ये ते सहसा केलेलं नसतं.

सगळ्यात फसवी चूक: कॉमनची फॅट जार

इथे जरा थांबून वाचा.

इनिशिअलायझरने दिलेलं टेम्पलेट एका मॉड्यूलचं असतं. त्याच्या पोममध्ये ‘बिल्ड’खाली ‘प्लगिन्स’मध्ये स्प्रिंग-बूट-मेव्हन-प्लगिन असतं. लोक त्याच पोमचं पॅकेजिंग ‘पोम’ करतात (ते केलं नाही तर ‘ॲग्रिगेटर प्रोजेक्ट्स रिक्वायर पोम ॲज पॅकेजिंग’ ही एरर लगेच आठवण करून देते), तिला पेरेंट बनवतात, आणि प्लगिन तिथेच राहून जातं. पेरेंटमध्ये आहे म्हणजे ते प्रत्येक मॉड्यूलला वारशाने मिळालं.

या प्लगिनचा रीपॅकेज गोल पॅकेज टप्प्यात जार उघडतो, सगळ्या डिपेन्डन्सी आत कोंबतो आणि चालवता येईल अशी फॅट जार बनवतो. एपीआयसाठी हेच हवं. कॉमनला मेन क्लासच नाही, म्हणून बिल्ड तिथे थांबतो: ‘रीपॅकेज फेल्ड: अनेबल टु फाइंड मेन क्लास’.

आता चुकीची दुरुस्ती. ‘मेन क्लास हवाय ना?’ म्हणून कॉमनमध्ये एक रिकामा मेन क्लास टाकला जातो. एरर जाते. कॉमन बांधून होतं. पण पुढच्याच मॉड्यूलमध्ये ‘पॅकेज कॉम.फेरी.कॉमन डझ नॉट एक्झिस्ट’. क्लास डोळ्यांसमोर आहे, इम्पोर्ट बरोबर आहे, आयडीईत लाल रेघ नाही, ‘एमव्हीएन कंपाइल’ही पास होतं. फक्त ‘पॅकेज’ आणि ‘इन्स्टॉल’ फुटतात. यावर दिवस जातात.

कारण वर सांगितलेला फरक. कंपाइलला रिॲक्टर कॉमनचे सुटे क्लास देतो, म्हणून पास. पॅकेजला तो कॉमनची जार देतो, आणि ती आता फॅट जार आहे. फॅट जारमध्ये तुमचे क्लास जारच्या मुळाशी नसतात, ‘बूट-इन्फ/क्लासेस’ या आतल्या फोल्डरमध्ये असतात. स्प्रिंग बूटच्या लाँचरला ते शोधता येतात, साध्या जावा कंपाइलरला नाही.

तपासणी अर्ध्या मिनिटाची. ‘जार टीएफ फेरी-कॉमन/टार्गेट/फेरी-कॉमन-0.0.1-स्नॅपशॉट.जार’ द्या. यादीत ‘कॉम/फेरी/कॉमन’ थेट दिसलं तर जार साधी आहे. ‘बूट-इन्फ’ दिसलं तर चोर सापडला. टार्गेटमध्ये शेजारी ‘.जार.ओरिजिनल’ नावाची फाइल असली तरी तेच सांगते, ती रीपॅकेजच्या आधीची मूळ जार. आकारही सांगतो: चार क्लासांची जार काही किलोबाइट हवी, ती कित्येक मेगाबाइट असेल तर तिच्या पोटात अख्खं स्प्रिंग आहे.

दुरुस्ती: प्लगिन पेरेंटच्या ‘बिल्ड/प्लगिन्स’मधून काढा आणि फक्त फेरी-एपीआयच्या पोममध्ये ठेवा. सामायिक सेटिंग असेल तर ते पेरेंटच्या ‘प्लगिनमॅनेजमेंट’मध्ये चालतं, तिथे ठेवलेलं प्लगिन आपोआप कुणावर लागत नाही. कॉमनमधला तो खोटा मेन क्लास काढून टाका. आणि यानंतर एकदा खरोखर ‘क्लीन’ करा, कारण टार्गेटमध्ये जुनी फॅट जार पडलेली असते. ‘.एमटू’मधली कॉमनही उडवा.

कधी एपीआय मॉड्यूलवरच दुसऱ्या मॉड्यूलला अवलंबून राहावं लागतं, म्हणजे टेस्टचं वेगळं मॉड्यूल वगैरे. मग एपीआयच्या प्लगिनमध्ये ‘क्लासिफायर’ला ‘एक्झेक’ द्यावं. साधी जार मूळ नावाने राहते आणि फॅट जार ‘-एक्झेक’ जोडून वेगळी बनते.

टेम्पलेटचा पेरेंट बदलताना काय सुटतं

प्रत्येक मॉड्यूल इनिशिअलायझरवरून वेगळं काढलं असेल तर प्रत्येकाच्या पोममध्ये पेरेंट म्हणून स्प्रिंग-बूट-स्टार्टर-पेरेंट असतो, आणि त्याखाली रिकामा ‘रिलेटिव्हपाथ’. तो रिकामा टॅग म्हणजे ‘शेजारी शोधू नको, रिपॉझिटरीतून आण’. पेरेंट बदलून ‘फेरीसेवा’ लिहिलं पण तो टॅग तसाच ठेवला, तर ‘नॉन-रिझॉल्व्हेबल पेरेंट पोम’. टॅग पूर्ण काढून टाका. मग मेव्हन एक पायरी वरची पोम आपणहून बघतो. स्टार्टर-पेरेंट फक्त मूळ पोमला असावा. मूळ पोमची आवृत्ती हाताने बदलली आणि मुलांमधली राहिली तरी हीच एरर येते. त्यासाठी ‘एमव्हीएन व्हर्जन्स:सेट’ आहे, तो सगळीकडे एकदम बदलतो. शेजारच्या मॉड्यूलच्या डिपेन्डन्सीला आकडा लिहू नका, प्रकल्पाच्या आवृत्तीचं व्हेरिएबल लिहा.

कंपनीचा स्वतःचा पेरेंट असेल तर स्टार्टर-पेरेंट लावता येत नाही आणि स्प्रिंग-बूट-डिपेन्डन्सीज ही बीओएम इम्पोर्ट करावी लागते. इथे समजूत अशी होते की दोन्ही सारखेच. बीओएम फक्त आवृत्त्या देते. स्टार्टर-पेरेंटने गुपचूप केलेली बाकीची कामं आता तुमच्यावर आली. रीपॅकेज गोलची जोडणी नसते, म्हणून जार बनते पण चालवताना ‘नो मेन मॅनिफेस्ट ॲट्रिब्यूट’. प्लगिनखाली ‘एक्झिक्यूशन’ लिहून रीपॅकेज जोडा. दुसरं, कंपाइलरची ‘-पॅरामीटर्स’ खूण नसते. स्प्रिंग बूट 3.2 पासून याची किंमत मोजावी लागते, कारण त्यातल्या स्प्रिंग फ्रेमवर्क 6.1 ने पॅरामीटरची नावं बाइटकोडवरून ओळखणं सोडलं. कंट्रोलरमधला पाथ-व्हेरिएबल नाव न देता लिहिला असेल तर विनंती आल्यावरच फुटतं, बिल्डला काही कळत नाही. मेव्हन-कंपाइलर-प्लगिनमध्ये ‘पॅरामीटर्स’ला ‘ट्रू’ द्या. स्टार्टर-पेरेंट यूटीएफ-8 हे सोर्स एन्कोडिंगही ठरवून देतो, तेही स्वतः लिहावं लागतं.

बांधलं, पण उभं राहत नाही

‘अ बीन ऑफ टाइप … दॅट कुड नॉट बी फाउंड’. बीन म्हणजे स्प्रिंग स्वतः बनवून सांभाळतो तो ऑब्जेक्ट. मेन क्लास ‘कॉम.फेरी.एपीआय’मध्ये आहे, आणि स्प्रिंग त्या पॅकेजच्या खालीच शोधतो. ‘कॉम.फेरी.डेटा’ हे शेजारचं पॅकेज, खालचं नव्हे. साधा उपाय म्हणजे मेन क्लास एक पायरी वर ‘कॉम.फेरी’मध्ये नेणं. फाइल एपीआय मॉड्यूलमध्येच राहू द्या, पॅकेज तेवढं वर घ्या. तसं केलं की बीन, एन्टिटी आणि जेपीए रिपॉझिटरी तिन्ही सापडतात. त्याऐवजी ‘स्कॅनबेसपॅकेजेस’ लिहिलं तर बीन सापडतात, पण जेपीए रिपॉझिटरी सापडत नाहीत आणि एन्टिटीवर ‘नॉट अ मॅनेज्ड टाइप’ येते, कारण या दोघी मेन क्लासच्याच पॅकेजवरून चालतात. मग ‘एन्टिटीस्कॅन’ आणि ‘एनेबलजेपीएरिपॉझिटरीज’ ही दोन ॲनोटेशन वेगळी लावत बसावं लागतं. पॅकेज वर नेणंच चांगलं.

‘फेल्ड टू कॉन्फिगर अ डेटासोर्स’. डेटाबेसचा पत्ता तर डेटा मॉड्यूलच्या ॲप्लिकेशन.वायएमएलमध्ये लिहिलेला असतो. पण एपीआय मॉड्यूलमध्येही ॲप्लिकेशन.वायएमएल आहे, आणि क्लासपाथवर एकाच नावाच्या दोन फायली असल्या तर पहिली सापडलेली वाचली जाते. दोन्ही एकत्र होत नाहीत. फॅट जारमध्ये एपीआयचे स्वतःचे क्लास आधी आणि बाकीच्या जार नंतर, म्हणून डेटाची फाइल कुणी उघडतच नाही. डेटाच्या फाइलला ‘फेरी-डेटा.वायएमएल’ असं वेगळं नाव द्या आणि एपीआयच्या फाइलमध्ये ‘स्प्रिंग.कॉन्फिग.इम्पोर्ट’ला ‘क्लासपाथ:फेरी-डेटा.वायएमएल’ लिहा. ही सोय स्प्रिंग बूट 2.4 पासून आहे.

फ्लायवेचं याच्या उलट. त्याच्या ‘डीबी/मायग्रेशन’ फोल्डरमधल्या फायली सगळ्या मॉड्यूलांतून गोळा होतात. दोघांनी आपापल्या मॉड्यूलमध्ये व्ही1 लिहिली की ‘फाउंड मोअर दॅन वन मायग्रेशन विथ व्हर्जन 1’. स्क्रिप्ट फक्त डेटा मॉड्यूलमध्ये ठेवा, आणि गट मोठा असेल तर आकड्याऐवजी तारीख-वेळ वापरा.

‘पोर्ट 8080 वॉज ऑलरेडी इन यूज’ म्हणजे बहुधा आयडीईतलं आधीचं ॲप अजून चालू आहे.

धक्क्यांची नावं आणि प्रश्नचिन्हं

ही अडचण इंग्रजी लेखांत क्वचित भेटते, आपल्याला मात्र रोज. ॲप्लिकेशन.प्रॉपर्टीजमध्ये ‘फेरी.मुख्य-धक्का=रायबंदर’ असं देवनागरीत लिहिलं की चालताना त्याचा कचरा होतो. स्प्रिंग बूट ही फाइल आयएसओ-8859-1 म्हणून वाचतो आणि त्या संचात देवनागरी नाही. तेच मूल्य ॲप्लिकेशन.वायएमएलमध्ये ठेवलं तर ठीक, कारण वायएमएल यूटीएफ-8 म्हणून वाचली जाते. मेसेजेस.प्रॉपर्टीज ही भाषांतरांची फाइल मात्र स्प्रिंग बूट यूटीएफ-8 धरतो. तिथे मराठी, कोंकणी काहीही थेट लिहा.

विंडोजवर जावा 17 असेल आणि कोडमध्ये कुठे एन्कोडिंग न सांगता फाइल वाचली असेल, तर यंत्राचं डीफॉल्ट लागतं आणि ‘चोडण’चे चौकोन होतात. जावा 18 पासून डीफॉल्ट यूटीएफ-8 झालं. 17 वर राहायचं असेल तर जावाला ‘-डीफाइल.एन्कोडिंग=यूटीएफ-8’ द्या (डी मोठा), आणि कोडमध्येही एन्कोडिंग स्पष्ट लिहा.

लाईट गेली, डाउनलोड अर्धवट राहिलं

जून ते सप्टेंबर हा प्रश्न खराच असतो. बिल्ड चालू असताना वीज किंवा नेट गेलं की लोकल रिपॉझिटरीत दोन प्रकारचा कचरा उरतो. एक, ‘.लास्टअपडेटेड’ शेपटाच्या फायली. मेव्हन त्यांत नोंद ठेवतो की ही वस्तू मिळाली नाही, आणि नेट आल्यावरही कधीकधी पुन्हा विचारत नाही. एररमध्ये ‘फेल्युअर वॉज कॅश्ड इन द लोकल रिपॉझिटरी’ असे शब्द दिसतात. ‘एमव्हीएन -यू क्लीन व्हेरिफाय’ (यू मोठा) दिलं की जबरदस्तीने पुन्हा विचारलं जातं. दुसरा प्रकार म्हणजे तुटलेली जार: ‘झिप एन्ड हेडर नॉट फाउंड’. इथे -यूचा उपयोग नाही, कारण मेव्हनच्या लेखी फाइल आलेली आहे. एररमध्ये जारचा पूर्ण पत्ता असतो. त्या आवृत्तीचं फोल्डर तेवढं उडवा.

पावसाळ्यापुरती आधीच तयारी करायची तर ‘डिपेन्डन्सी:गो-ऑफलाइन’वर विसंबू नका. बहु-मॉड्यूल प्रकल्पात ते शेजारच्या मॉड्यूलांवर अडखळतं, आणि टेस्ट चालवणाऱ्या शुअरफायर प्लगिनचा जेयुनिट चालवणारा भाग टेस्ट चालतानाच उतरतो, तो त्यातून सुटतो. चांगलं नेट असताना एकदा टेस्टसकट पूर्ण ‘व्हेरिफाय’ करा. नंतर ‘एमव्हीएन -ओ’ने ऑफलाइन काम निर्धास्त चालतं.

दुसऱ्याच्या यंत्रावर

‘क्लास फाइल हॅज राँग व्हर्जन 61.0, शुड बी 52.0’: 61 म्हणजे जावा 17, 52 म्हणजे जावा 8. मधले 55 म्हणजे 11, आणि 65 म्हणजे 21. स्प्रिंग बूट 3 ला किमान 17 लागतं. ‘जावा -व्हर्जन’ 17 दाखवत असलं तरी ‘एमव्हीएन -व्हर्जन’ बघा. मेव्हन जावा-होमवर चालतो आणि ते अनेकदा जुनंच असतं.

लिनक्सवर ‘एमव्हीएनडब्ल्यू’ला (प्रकल्पासोबत येणाऱ्या, मेव्हन चालवणाऱ्या स्क्रिप्टला) ‘परमिशन डिनाइड’ येत असेल तर विंडोजवरून कमिट करताना त्याचा चालवण्याचा हक्क गेलेला आहे. ‘गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स एमव्हीएनडब्ल्यू’ करून कमिट करा. ‘बॅड इंटरप्रिटर’ आलं तर ओळींच्या शेवटी विंडोजची खूण शिरली आहे. गिटॲट्रिब्यूट्समध्ये त्या फाइलला ‘ईओएल=एलएफ’ द्या.

डॉकरफाइलमध्ये कॅशसाठी आधी फक्त पोम फायली कॉपी करतात. नवं मॉड्यूल जोडल्यावर त्याची पोम तिथे जोडायला विसरलं तर ‘चाइल्ड मॉड्यूल डझ नॉट एक्झिस्ट’. मूळ पोममध्ये नाव असलेलं प्रत्येक मॉड्यूल त्या क्षणी कंटेनरमध्ये हवंच, त्याचा कोड नंतर आला तरी चालतो.

गटाला कोड देण्याआधी एक तपासणी जरूर करा. ‘टार्गेट’ फोल्डरं आणि तुमचं ‘.एमटू’ नसलेल्या यंत्रावर हा प्रकल्प बांधला जातो का, हे आपल्याच लॅपटॉपवर बघता येतं:

एमव्हीएन -डीमेव्हन.रेपो.लोकल=/टीएमपी/कोरं क्लीन व्हेरिफाय

(डी मोठा. ‘कोरं’च्या जागी कोणतंही रिकामं फोल्डर.) सगळं नव्याने उतरेल, म्हणून चांगल्या नेटवर करा. शेवटच्या रिॲक्टर समरीत चारही ओळींना ‘सक्सेस’ हवं. एखादीला ‘फेल्युअर’ असेल तर पहिली फेल्युअर तेवढी वाचा. तिच्याखालची ‘स्किप्ड’ मॉड्यूलं अजून बांधायलाच घेतलेली नसतात, त्यांच्यात चूक शोधू नका.